हाकेची नेस्ता

नात लेकीच्या पोटात आडवी होती, तेव्हा मी एक नवस बोलले होते. लेक दूर वेल्सच्या किनाऱ्यावर राहते. मी बाळंतपणाला गेले होते. तिथं देव्हारा नव्हता, म्हणून खिडकीतच निरांजन ठेवलं आणि म्हटलं, बाळ सुखरूप येऊ दे, मी बारशाची वाट बघणार नाही, पहिल्याच दिवशी त्याला त्याच्या नावानं हाक मारीन. हा नवस मला सुचला तो शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलेल्या गोष्टीमुळं. तीच आता तुम्हाला सांगते. हातातलं काम चालू राहू द्या, मन तेवढं इकडं द्या.

फार वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर एक गाव होतं. गाव डोंगराच्या कुशीत, आणि समोर ओहोटीला कोसभर उघडी पडणारी वाळू. बायका गाढवं घेऊन त्या वाळूत जायच्या, दाताळ्यानं वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, गोळा करायच्या आणि भरतीच्या आत परतायच्या. त्या गावात आजीचं नाव नातीला ठेवायची रीत होती. त्यामुळं पिढ्यानुपिढ्या नावं तीच फिरत राहिली. पाणवठ्यावर कुणी "नेस्ता" म्हणून हाक मारली, तर निम्म्या बायका घागर खाली ठेवून मागं बघायच्या.

म्हणून प्रत्येकीला एक जोडनाव असायचं. टोपल्या विणायची ती टोपलीची नेस्ता, जिचं गाढव द्वाड ती गाढवाची नेस्ता. पण जोडनाव फुकट मिळत नसे. पोरीनं पहिल्यांदा आपली टोपली काठोकाठ भरून आणली, की थोरल्या बायका ते ठेवायच्या. आईनं मात्र ठेवायचं नाही. आईनं ठेवलेलं नाव वाळूला ऐकू येत नाही, असं म्हणतात.

त्यांच्यातच एक होती हाकेची नेस्ता. तिचा आवाज असा, की डोंगरावरच्या मेंढ्या चरायच्या थांबत. वाळूवर धुकं उतरलं की ती काठावर उभी राहायची आणि एकेकीला जोडनावानं हाक घालायची. धुक्यातून "ओ" आला, की एक खडा ओटीत टाकायची. त्या हाकेच्या रोखानं बायका घरी यायच्या. सगळे खडे ओटीत पडल्याशिवाय ती हलायची नाही. ती हाका घालू लागल्यापासून कितीतरी वर्षं वाळूनं कुणाला नेलं नव्हतं, असं म्हणतात.

तिची एकुलती लेकसुद्धा, आजीच्या नावावरून, नेस्ताच. पोर गुणी, पण गाण्याच्या नादात अर्धी टोपली घेऊन परतायची. दोन हंगाम गेले, तरी तिला जोडनाव मिळालं नव्हतं. आईच्या जिवाला घोर लागला. धुकं आलं तर हिला हाक कुठल्या नावानं मारायची? शेवटी पाणवठ्यावर तिनं थोरल्या बायकांपुढं पदर पसरला.

टोपलीची नेस्ता त्यांच्यात वडीलधारी. ती म्हणाली, "मागून मिळतं ते नाव नव्हे बाई, ती भीक. आणि ठेवायचं तरी काय? रिकाम्या टोपलीची नेस्ता?"

सगळ्या हसल्या. पोर मागं घागर घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं. हाकेची नेस्ता काठावर आली. टोपलीच्या नेस्ताला हाक घातली, ओ आला. गाढवाच्या नेस्ताला घातली, ओ आला. खडे ओटीत पडत गेले. हातात शेवटचा खडा राहिला.

लेकीसाठी एक नाव तिनं मनात कधीचं जपलेलं होतं, गाण्याची नेस्ता. ते ओठांपर्यंत आलं. पण आईनं ठेवलेलं नाव वाळूला ऐकू येत नाही, म्हणून तिनं ते गिळलं आणि नुसतीच हाक घातली, "नेस्ता!"

धुक्यातून जवळूनच दबका आवाज आला, "ओ!"

तिनं खडा ओटीत टाकला. देवाचे आभार मानले आणि हाका थांबवल्या.

एकेक करत बायका धुक्यातून बाहेर आल्या. सगळ्यांत शेवटी आली टोपलीची नेस्ता. म्हणाली, "मघाशी ओ दिला होता की मी, पुन्हा कशाला हाक मारलीस?"

मग आई लेकीच्या नावानं ओरडत सुटली. घसा फुटेस्तोवर ओरडली. पण तोवर पाणी भरलं होतं. पोरीचं गाढव तेवढं पोहत काठाला लागलं. त्याच्या पाठीवरची टोपली काठोकाठ भरलेली होती.

टोपलीची नेस्ता आईच्या पायाशी बसली. "मला वाटलं, मलाच बोलावतेस," म्हणाली.

"तुझंही नाव तेच की," आई म्हणाली. "तुझी चूक नाही ती."

"भरल्या टोपलीची नेस्ता म्हणू या तिला."

"आता म्हणा," आई म्हणाली. "ओ कोण देणार?"

त्यानंतर ती काठावरून घरी गेली नाही. रोज लेकीला नवं नाव ठेवायची आणि हाक मारायची. गाण्याची नेस्ता, पहाटेची नेस्ता, माझ्या ओटीतली नेस्ता. कुठल्या तरी नावाला ती ओ देईल, ही आशा. भरती तिच्या पावलांशी येऊन थबकायची, असं म्हणतात. एके दिवशी धुकं उतरलं आणि वर गेलं, तेव्हा काठावर फक्त खडे होते. पण हाक राहिली. परमुलखातला एक खलाशी त्या धुक्यात वाट चुकला होता. त्याला त्याच्या लहानपणच्या लाडक्या नावानं हाक ऐकू आली. ते नाव त्याच्या मेलेल्या आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तो त्या रोखानं गेला आणि जगला, असं म्हणतात.

तेव्हापासून त्या गावात जोडनावासाठी टोपली भरायची वाट बघत नाहीत. आजही मूल जन्मलं की आजी त्याला दुलईत गुंडाळून काठावर नेते आणि समुद्राकडं तोंड करून त्याला त्याच्या जोडनावानं हाक मारते. त्या वेळी बाकी कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. मूल रडेपर्यंत सगळे तिथंच उभे राहतात. आणि हंगामाची पहिली भरलेली टोपली कुणी घरी नेत नाही. ती वाळूत परत ओततात, आणि तिथली प्रत्येक पोर त्या बुडालेल्या पोरीला एक नवं नाव ठेवून हाक मारते. ओ अजून आलेला नाही.

माझ्या नातीनं मात्र पहिल्याच हाकेला टाहो फोडला. मी नवस फेडला आणि पुढं रोजचा नेम केला. तिन्हीसांजेला दिवा लावला की घरातल्या एकेकाला, जवळच्याला आणि लांबच्याला, त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारते. तुम्हीही एवढं करा. आणि कुणाचा तरी ओ आला म्हणून लगेच आत वळू नका. ज्याला हाक मारली, त्याचं तोंड दिसेपर्यंत दारात थांबा.