ओढ्याकाठचं गवत

विहिरींवर मोटा चालत, त्या काळातली ही गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. त्यांची रीत अशी, की नरानं खोपा अर्धा विणायचा आणि मादीनं येऊन पारखायचा. तिला पसंत पडला तरच पुढचं विणकाम आणि संसार.

त्या वर्षी एक चौकस मादी आली. तिनं प्रत्येक खोपा चोचीनं ओढून पाहिला आणि विचारलं, "पाती कुठून आणता?"

"ओढ्याकाठच्या गवतातून," सगळे म्हणाले.

"आणि ते गवत नसलं तर?"

नर हसले. म्हातारा तुरेबा म्हणाला, "बाई, माझ्या आजोबांपासून ते तिथंच आहे."

भिवा नावाचा नर तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो शिंदीच्या झाडावर गेला. आधी पानाला खाच पाडायची, मग धागा चोचीत धरून उडायचं, हे कळायला त्याला चार दिवस लागले. त्याचा खोपा मागे पडला. तुरेबानं त्याला वेड्यात काढलं.

मग एके सकाळी म्हशींचा कळप ओढ्याकाठ बोडका करून गेला. अंडी घालायचे दिवस तोंडावर आले होते आणि खोपे अर्धेच लोंबत होते. तुरेबा मान खाली घालून भिवाकडे आला. भिवानं त्याला खाच पाडायला शिकवलं.

चौकस मादी परत आली. भिवाचा खोपा ओढून पाहत तिनं विचारलं, "आणि शिंदी नसली तर?"

भिवाच्या चोचीजवळ ताजा ओरखडा होता. "उसाचं पातं फार कापतं," तो म्हणाला, "पण धागा निघतोय."

ती आत जाऊन बसली.