डर्बीचा घोडा आणि त्याची शेळी

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं उठवलंत. म्हाताऱ्या माणसाला चहासुद्धा सुखानं पिऊ देत नाही तुम्ही. बसा आता गप, आणि मध्येच कुणी "मग?" म्हणून विचारायचं नाही.

एका रेसकोर्सच्या तबेल्यात एक तांबडा घोडा होता. पळायला लागला की बाकीच्यांना त्याची नुसती शेपटी दिसायची. पण मनाचा भारी भित्रा. बादली पडली तरी उडायचा, दाण्याला तोंड लावायचा नाही. म्हणून त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारानं एक म्हातारी शेळी तबेल्यातल्या त्याच्या खणात सोबतीला आणून सोडली. ती शेजारी बसून रवंथ करायची. तेवढा आवाज कानी पडला की घोडा शांत. शर्यतीच्या दिवशीही ती मैदानाच्या कठड्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत जायची. दोन मोठे कप त्यानं असेच जिंकले. राहिली होती डर्बी, सगळ्यात मानाची शर्यत. ती घोड्याला जन्मात एकदाच पळता येते. हुकली की हुकली.

डर्बीसाठी परगावचे नामांकित घोडे आले. पाण्याच्या हौदावर सगळे जमले असताना एका करड्या घोडीनं विचारलं, "तुमच्या खणात ती शेळी कोण हो?"

घोड्याचे कान गरम झाले. एवढ्या खानदानी मंडळींत शेळीची सोबत कशी सांगायची? "कोण, ती?" तो हसून म्हणाला. "आगंतुक आहे झालं. हाकलली तरी येते. वास बघा ना तिचा!" सगळे खिंकाळले. शेळी मागेच उभी होती. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वैरणीच्या गोदामामागे निघून गेली. मोतद्दारानं दावं लावून तिला ओढून आणली, पण ती खणात पाऊल टाकीना.

डर्बीच्या दिवशी बँड वाजला, माणसं ओरडू लागली. घोड्यानं कठड्याकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. फाटक उघडलं तेव्हा तो पुढे जायचा तो मागे सरला. शर्यत संपली तेव्हा तो सगळ्यांच्या शेवटी होता आणि करडी घोडी पहिली. तिच्या गळ्यात हार पडला, तोच एक लंगडा कोंबडा धावत येऊन तिच्या पायाशी उभा राहिला.

"हा माझा सोबती," घोडी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग तांबड्याकडे वळली. "याच्याशिवाय मला घास जात नाही. परगावी त्याला करमेना, म्हणून सोबतीसाठी तुमच्या शेळीची चौकशी केली होती. पण ती तुमची नाही म्हणालात."

घोड्याची मान खाली गेली ती वर येईना. अख्खं मैदान त्याच्याकडे बघत होतं, त्याचं त्याला काही नव्हतं. त्या कोंबड्याकडे मात्र त्याला बघवेना.

तो गोदामामागे गेला. "चुकलो गं, म्हातारे," हळूच पुटपुटला.

"मला कानात काय सांगतोस?" शेळी म्हणाली. "बोललास तेव्हा हौदावर बोललास की!"

दुसऱ्या दिवशी पाहुणे निघायच्या आधी हौदावर जमले. घोडा मध्ये जाऊन उभा राहिला. "ती शेळी माझी आहे. तिच्याशिवाय मला झोप येत नाही. मी खोटं बोललो." दोघं-तिघं फिदीफिदी हसले. पाणी न पिताच तो परतला. खणात शेळी बसली होती, त्याच्याच दाण्यात तोंड घालून.

"हसले का?"

"हसले."

"हसू दे. खा आता."

घोडा खायला लागला. डर्बी काही परत आली नाही.

तात्पर्य : ज्याच्या जिवावर आपण उभे राहतो त्याला लोकांपुढे परकं म्हणू नये, आणि म्हटलंच तर माफीही त्याच लोकांपुढे मागावी. आणि हे जाऊन त्यालाही सांगा, ज्यानं मला चारचौघांत परकं म्हटलं आणि ज्याची माफी अजून यायची आहे, त्या पिंपळखुट्याच्या रंगनाथ टेमकराला.