चिटुकचं टोपडं आणि बाबलकाकांचा रंधा

एक होती उंदरीण. तिचं नाव चिटुक.

चिटुक एवढीशी. तिचं टोपडंही एवढंसं. लाल लाल.

त्या दिवशी चिटुकच्या मावशीचं लग्न होतं. चिटुकने टोपडं घातलं, मिशा पुसल्या आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत बाबलकाकांचं अंगण लागलं. बाबलकाका सुतार. अंगणात एक फळी भिंतीला तिरकी टेकवून ठेवली होती.

चिटुकला वाटलं, एकदाच घसरू.

वर चढली. खाली घसरली. खर्र, खर्र, खर्र.

चिटुक खाली आली. टोपडं वरच राहिलं. फळीच्या कुसळात अडकलं.

चिटुकने ओढलं. सुटेना. आणखी ओढलं तर फाटेल. आणि बोडक्या डोक्याने लग्नाला कसं जायचं? लांबून पिपाणी ऐकू येत होती. पीं पीं, पीं पीं.

चिटुक म्हणाली, "फळीताई, फळीताई, टोपडं सोडतेस का?"

फळी म्हणाली, "मी नाही गं बाई. माझ्या अंगभर कुसळं. आधी रंधा मला तासू दे, मग मी टोपडं सोडीन."

चिटुक गेली रंध्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

रंधा म्हणजे कोण? लाकडावरून फिरतो, लाकूड गुळगुळीत करतो, तो रंधा. तो बाकावर आडवा पडला होता.

"रंधेदादा, रंधेदादा, फळी तासतोस का?
फळी टोपडं सोडेना."

रंधा म्हणाला, "मला सगळं येतं. खडबडीत सपाट करतो. टोकदार कडा गोल करतो. लाकडात खाच पाडतो. घट्ट बसलेलं दार सैल करतो. पण मी नाही गं बाई. माझं पातं बोथट. आधी दगड धार लावू दे, मग मी फळी तासीन."

चिटुक गेली दगडाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दगडआजोबा, दगडआजोबा, धार लावता का?
फळी टोपडं सोडेना,
रंधा फळी तासेना."

दगड खोकला. खो खो. म्हणाला, "मी नाही गं बाई. मी कोरडा ठणठणीत. आधी पाणी मला भिजवू दे, मग मी धार लावीन."

चिटुक गेली पाण्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

पाणी बादलीत होतं. बादलीत म्हैसही होती. एवढी मोठी म्हैस एवढ्याशा बादलीत कशी मावली? तिचं तिलाच ठाऊक.

"पाणीबुवा, पाणीबुवा, दगड भिजवता का?
फळी टोपडं सोडेना,
रंधा फळी तासेना,
दगड धार लावेना."

म्हशीखालून आवाज आला. बुड बुड बुड. "मी नाही गं बाई. माझ्यावर म्हैस. आधी म्हैस उठू दे, मग मी दगड भिजवीन."

चिटुकने मान वर केली. आणखी वर केली. मग म्हशीचं तोंड दिसलं.

"म्हैसकाकू, म्हैसकाकू, बादलीतून उठता का?
फळी टोपडं सोडेना,
रंधा फळी तासेना,
दगड धार लावेना,
पाणी दगड भिजवेना."

म्हैस म्हणाली, "मी नाही गं बाई. पाठीला खाज सुटलीय. आधी बाबलकाकांना पाठ खाजवू दे, मग मी उठीन."

चिटुक गेली बाबलकाकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाबलकाका भिंत खाजवत होते. खस खस, खस खस. आणि म्हणत होते, "आज म्हैस किती शांत उभी आहे."

"काका, काका, म्हशीची पाठ खाजवता का?
फळी टोपडं सोडेना,
रंधा फळी तासेना,
दगड धार लावेना,
पाणी दगड भिजवेना,
म्हैस काही उठेना."

काका म्हणाले, "म्हणजे ही म्हैस नव्हे? मी नाही गं बाई. मला दिसतच नाही. चष्मा कोंबडीने नेला. आधी कोंबडीला चष्मा देऊ दे, मग मी पाठ खाजवीन."

चिटुक गेली कोंबडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोंबडी चष्मा लावून खोक्यात बसली होती.

"कोंबडीमामी, कोंबडीमामी, चष्मा देता का?
फळी टोपडं सोडेना,
रंधा फळी तासेना,
दगड धार लावेना,
पाणी दगड भिजवेना,
म्हैस काही उठेना,
काका पाठ खाजवेनात."

कोंबडी म्हणाली, "मी नाही गं बाई. मला अंड्यावर नजर ठेवायचीय. सकाळपासून नुसतं लोळतंय. आधी अंडं झोपू दे, मग मी चष्मा देईन."

अंडं खोक्यात लोळत होतं. गडगड, गडगड.

"अंडूबाळा, अंडूबाळा, झोपतोस का?
फळी टोपडं सोडेना,
रंधा फळी तासेना,
दगड धार लावेना,
पाणी दगड भिजवेना,
म्हैस काही उठेना,
काका पाठ खाजवेनात,
कोंबडी चष्मा देईना."

अंडं म्हणालं, "मी नाही गं बाई. आधी कुणीतरी गाणं म्हणू दे, मग मी झोपीन."

चिटुकने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आता जायला कुणीच उरलं नव्हतं. आणि तिला गाणं येत नव्हतं. एकही नाही.

पिपाणी जोरजोरात वाजू लागली. पीं पीं, पीं पीं. चिटुकच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिला जे येत होतं, तेच ती म्हणू लागली. हळू हळू. सूर लावून.

"फळी टोपडं सोडेना गं,
रंधा फळी तासेना गं,
दगड धार लावेना गं,
पाणी दगड भिजवेना गं..."

अंड्याने जांभई दिली. कुठून दिली, ते काही दिसलं नाही.

"म्हैस काही उठेना गं,
काका पाठ खाजवेनात गं..."

घुर्र. घुर्र. अंडं झोपलं.

अंडं झोपलं, कोंबडीने चष्मा दिला.

चष्मा मिळाला, काकांनी पाठ खाजवली. भिंतीची नाही. म्हशीची.

पाठ खाजवली, म्हैस उठली. बादलीही तिच्याबरोबर उठली. काकांनी बादली ओढली. पॉक! तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं.

पाण्याने दगड भिजवला. छप छप.

दगडाने धार लावली. घस्स घस्स.

काकांनी रंधा हातात धरला. रंध्याने फळी तासली. सर्र सर्र, सर्र सर्र. लाकडाच्या कुरळ्या साली उडाल्या. एक म्हशीच्या शिंगाला लटकली. म्हैस म्हणाली, "शोभते मला."

सगळी कुसळं निघाली. फळीने टोपडं सोडलं. टुप्प. बरोबर चिटुकच्या डोक्यावर.

रंधा म्हणाला, "थांब, कडाही गोल करतो." आणि केल्या.

काका म्हणाले, "चिटुकबाय, आता घसर बघू."

चिटुक वर चढली. दोन्ही हातांनी टोपडं धरलं. आणि घसरली.

सुर्रर्रर्र.

फळी संपली, चिटुक थांबेना. अंगण संपलं, चिटुक थांबेना. रस्ता ओलांडला, कुंपणाखालून गेली, पिपाणीवाल्याच्या पायांतून गेली आणि थेट पंगतीत थांबली. एका रिकाम्या पानासमोर.

नवरी मावशी म्हणाली, "आलीस का गं? केवढा उशीर. टोपडं सरळ कर आणि बस जेवायला."

चिटुकने टोपडं सरळ केलं. लाडू घेतला. एक नाही, दोन.

चिटुक बसली पाटावर, लाडू गेला पोटात, आणि गोष्ट घसरत घसरत आली तुमच्या मांडीत.