अध्यक्षांचा बिल्ला

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष खानविलकर भारी तोऱ्याचे. मेळाव्यात स्वयंसेवकांनी दिवसभर राबायचं आणि छातीवर बिल्ला असेल त्यानं शेवटच्या पंगतीला बसायचं, हा त्यांचा नियम. तोवर पातेल्यात खरवड उरायची. यंदा पोरं बिल्ले काढून निघालीच होती.

"थांबा जरा," स्वयंसेवकांची प्रमुख शैलाताई म्हणाली. तिनं माइकवर जाहीर केलं, "आपले पहिले स्वयंसेवक, अध्यक्षसाहेब." टाळ्या पडल्या. साहेबांनी फुगून बिल्ला लावून घेतला.

मग ते पहिल्या पंगतीला बसायला गेले, तर ताईनं आमटीची बादली पुढे केली. "बिल्लेवाले शेवटी, साहेब. नियम तुमचाच."

चारचौघांत बिल्ला काढायची लाज, आणि पोटात तर कावळे.

"आजपासून बिल्लेवाले आधी," साहेब पुटपुटले. "पण मग वाढणार कोण?"

"बिनबिल्ल्याचे," म्हणत ताईनं बादली पहिल्या पंगतीत बसलेल्या उपाध्यक्षांच्या हातात दिली.