मखमली पडदा आणि पायपुसणं

फार वर्षं झाली, एका बोळात दोन खिडक्या समोरासमोर होत्या. एकीमागे सुलभाबाई राहायच्या, दुसरीमागे एकट्या बायजाकाकू. रोज सकाळी सुलभाबाई आपला जुन्या लुगड्याचा पडदा सरकवून विचारायच्या, "उठलात का काकू?" आणि समोरून हात हलायचा.

पुढे सुलभाबाईंनी सोफ्याला शोभेलसा जाड मखमली पडदा आणला. उन्हानं रंग उडेल म्हणून तो कायम ओढलेलाच ठेवला. लुगड्याच्या पडद्याचं पायपुसणं झालं.

एका सकाळी दाराशी पडलेलं पायपुसणं म्हणालं, "दादा, जरा सरक की. काकू हाक मारताहेत."

"मला लोकांनी बघायचं असतं. सारखं सरकायला मी काय लुगडं आहे?" मखमली पडदा म्हणाला.

ती क्षीण हाक मखमलीतून सुलभाबाईंपर्यंत पोचलीच नाही. दुपारी ती थांबली.

चार दिवसांनी पाहुण्या आल्या. "थांबा, अस्तर दाखवते," म्हणत सुलभाबाईंनी कौतुकानं पडदा बाजूला केला. समोरचा पडदा अर्धाच सरकलेला होता, आणि त्याची कड मुठीत धरून काकू खिडकीला टेकल्या होत्या.

सुलभाबाईंनी हाक मारली. हात हलला नाही.

सगळ्या बायका तिकडे धावल्या. रिकाम्या घरात मखमली पडद्यानं विचारलं, "माझ्याकडे पाठ फिरवून गेल्या! तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?"

"चार दिवसांपूर्वी होतं," पायपुसणं म्हणालं.