वाटीत मावलेले खोरे

डोंगराआडच्या एका खोऱ्यात एक राजा राज्य करत होता, आणि त्या खोऱ्यातली पेरणी राजाच्या जिभेवर चालायची.

ही काही थट्टा नाही. राजाच्या कुणा पूर्वजाने तशी रीतच घालून दिली होती. दर वर्षी अक्षय्य तृतीयेला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, राजाने पारावर मांडी घालून बसायचे आणि सगळ्या रयतेच्या देखत जेवायचे. खोऱ्यात जे जे पिकते आणि शिजते ते सगळे ताटात असायचे. समोर मानाच्या घरातली एक थोरली बाई बसायची. तिने जेवायचे नाही, नुसते राजाचे तोंड पाहायचे. जेवण उरकले की उठून सांगायचे, राजाला काय आवडले. जे आवडले ते त्या वर्षी जास्त पेरायचे. पूर्वजाचा हेतू चांगला होता. राजाने रयतेचेच अन्न खावे आणि ते गोड मानून खावे, एवढेच त्याला हवे होते. पुढे एखाद्या राजाची जीभ बिघडली तर काय, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आले नाही.

आपल्या गोष्टीतला राजा उदयभान तरुणपणी नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले असे काही चापायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. तेव्हा उतारावर नाचणी, वरई आणि कुळीथ डुलायचे, डोंगरमाथ्यावर दाट रान होते आणि रानातून निघालेली वाकी नदी उन्हाळ्यातही वाहायची. सगळे ठीक चालले होते.

मग शेजारच्या राज्यातून एक आचारी आला आणि त्याने बासुंदी केली.

आता बासुंदीला कुणी नावे ठेवू नयेत. मीही ठेवणार नाही. मंद आचेवर दिवसभर दूध आटवावे, कडेची साय खरवडून पुन्हा दुधात सोडावी, वर चारोळी आणि केशर घालावे. असा पदार्थ देवानेच माणसाच्या कानात सांगितला असला पाहिजे. त्या अक्षय्य तृतीयेला राजाने एक वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. मग दुसरी मागितली. भाकरीला त्याने हातही लावला नाही. समोर बसलेली मानाची बाई गिरजाई उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “राजाला दूध आवडलं.”

झाले. उतारावरची नाचणी गेली आणि तिथे कडवळ आले, म्हणजे म्हशींसाठी हिरवाच कापायचा ज्वारीचा चारा. लांबलांबून म्हशी आणल्या. वाकीचे पाणी पाट काढून कडवळाकडे वळवले. राजाच्या मुदपाकखान्यात पहाटेपासून कढया चढू लागल्या, आणि राजा खातो ते आपणही खावे म्हणून ज्याच्या त्याच्या अंगणात चूल पेटली. दूध आटवायला लाकूड किती लागते ते करणाऱ्यालाच ठाऊक. माथ्यावरचे रान मोळीमोळीने खाली येऊ लागले. ज्यांच्याकडे म्हशी होत्या त्यांच्या घरी सण झाला. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांच्या घरी नाचणीचे मडके रिकामे झाले. दर वर्षी राजाने पारावर डोळे मिटले आणि दर वर्षी कडवळाची शेते वाढत गेली.

राजाही वाढला. पायांवर सूज आली. चार पायऱ्या चढला की भात्यासारखा धापा टाकायचा. वैद्याने बासुंदी सोडा, पायी चाला असे सांगितले, तेव्हा राजाने वैद्य बदलला. नव्या वैद्याने तेच सांगितल्यावर राजाने वैद्याला बोलावणेच सोडले. तो वाईट माणूस नव्हता. कुणावर जुलूम करत नव्हता. तो फक्त जेवत होता.

एका उन्हाळ्यात बासुंदीला धुराचा वास येऊ लागला. राजाने वाटी सरकवली आणि आचाऱ्याला जाब विचारला. आचारी म्हणाला, चांगले वाळके लाकूड मिळत नाही, बायका ओल्या काटक्या आणतात. राजाचा विश्वास बसेना. माथ्यावरच्या रानात तो तरुणपणी शिकारीला जायचा. भर दुपारी तिथे अंधार असायचा. असले रान संपते कुठे? मी स्वतः जाऊन बघतो, असे म्हणून त्याने पालखी मागवली.

चौघे भोई पालखी घेऊन निघाले. पहिल्या चढालाच पालखी डुगडुगू लागली. दुसऱ्या चढाला ती खाली टेकली आणि एक भोई तिथेच मातीत बसला. राजा संतापला. माझ्या वडिलांची पालखी भोई गात गात माथ्यावर न्यायचे, म्हणाला, तुम्हाला काय झाले? भोयांमध्ये वयाने मोठा धोंडू होता. त्याने घाम पुसला आणि खाली बघत सांगितले, “म्हाराज, तुमी जड झालायसा ह्ये खरं. पन आमी हलके झालोय, त्येबी खरं.”

राजाने त्यांच्याकडे पाहिले. बहुधा पहिल्यांदाच पाहिले, कारण पालखीतून भोयांची फक्त पागोटी दिसतात. गालफडे बसली होती, खांद्याची हाडे वर आली होती. तो पालखीतून उतरला आणि धोंडूच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागला.

थांबत, धापा टाकत, कधी दगडावर बसत तो माथ्यावर पोचला. रान नव्हते. जिथवर नजर जाईल तिथवर खुंट होते आणि खुंटांमधून तापलेला वारा वाहत होता. वाकीच्या उगमाचा झरा त्याला आठवत होता; तिथे कोरडे दगड होते. राजा एका खुंटावर बसला आणि त्याने खाली पाहिले.

त्याचे सगळे खोरे एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आले. आजवर त्याने ते तुकड्यातुकड्याने पाहिले होते, पुरे असे कधीच पाहिले नव्हते. मधोमध नदीची पांढरी, कोरडी रेघ होती. तिच्यातले उरलेसुरले पाणी जिथे वळवले होते तिथे कडवळाचे हिरवेगार पट्टे होते, आणि त्यांच्या बाहेर सगळा मुलूख करपलेला. म्हशी मुंग्यांसारख्या एकाच दिशेने चालल्या होत्या, राजवाड्याकडे. घराघरातून धूर निघत होता आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर त्या धुराचा जाड खांब उभा होता. रान, पाणी, शेते, माणसांच्या खांद्यावरचे मांस, सगळे त्या एका चुलीकडे निघाले होते. आणि चुलीवरून निघून ते कुठे जात होते, तर तळहातावर मावेल अशा एका चांदीच्या वाटीत.

राजाच्या अंगावर काटा आला. आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि या दोन्हींपेक्षा मोठे काहीतरी वाटले. लढाई न करता, आग न लावता, कुणाला न मारता, नुसते डोळे मिटून चव घेत आपण एवढा डोंगर खाल्ला? माणसाच्या तोंडातला बोटभर मांसाचा तुकडा, आणि त्याची एवढी सत्ता? देवळात गेल्यावरही त्याचे हात कधी असे आपोआप जोडले गेले नव्हते.

“धोंडू,” तो म्हणाला, “हे सगळं मी खाल्लं.”

ऊन चढले होते. धोंडूने कमरेचे फडके सोडले. त्यात एकच नाचणीची भाकरी होती, तीही रानातले कंद कुटून घालून वाढवलेली. तिचे चार तुकडे व्हायचे ते त्याने पाच केले. राजाच्या पोटात कावळे ओरडत होते. तुकडा तोंडात गेला आणि त्याला आपले तरुणपण आठवले. ती खरपूस, मातकट, ओळखीची चव जिभेवर कितीतरी वेळ राहिली. मग त्याच्या लक्षात आले की आपण पुन्हा या चौघांच्याच वाटणीचे खाल्ले.

परत आल्यावर त्याने प्रधानाला सगळे सांगितले. प्रधान म्हणाला, हुकूम काढा, उद्यापासून नाचणी पेरा म्हणावे. राजाने नकारार्थी मान हलवली. हुकूम शेतापर्यंत पोचतो, चुलीपर्यंत पोचत नाही, हे त्याला कळत होते. लोक त्याच्या तोंडाकडे बघून खातात. अक्षय्य तृतीया जवळ आली होती. त्या दिवशी पारावर त्याला नाचणी मनापासून आवडली पाहिजे. नुसते आवडल्यासारखे करून चालणार नव्हते, कारण गिरजाईची नजर कुणाला फसली नव्हती. ती जर म्हणाली की राजाला अजून दूधच आवडते, तर आणखी एक वर्ष कडवळ पेरले जाईल. आणि आणखी एक वर्ष हे खोरे काढणार नाही.

त्याच दिवशी त्याने राजवाड्यात भाकरी मागवली. ती घशाखाली उतरेना. माथ्यावर अमृतासारखी लागलेली भाकरी इथे भुशासारखी लागली. जीभ फार दिवस लाडावलेली होती. तिला राजाचे दुःख ठाऊक नव्हते. राजा घाबरला. आपल्याच तोंडात आपले राज्य नाही, हे कळणे कोणत्याही राजाला जड जाते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पायी माथ्यावर निघाला. त्याच्या पुढच्या दिवशीही निघाला. भोयांच्या खांद्यावर पालखीऐवजी पाण्याच्या घागरी असत आणि एक घागर राजाच्याही खांद्यावर असे. खुंटांना कुठे कुठे फूट आली होती, तिथे ते पाणी घालत. राजवाड्याच्या कोठारातली जुनी नाचणी त्याने गावात वाटली, आणि त्यातली भाकरी तो भोयांच्या पंगतीला बसून खाऊ लागला. पहिल्यांदा गिळली, मग चावली, मग हळूहळू चव लागू लागली. वैद्याने सांगितलेले सगळे तो करत होता, फक्त वैद्याला न बोलावता. पण रात्री अंथरुणात पडला की बासुंदीचा वास यायचा, आणि पारावर काय होईल ते त्याला सांगता येत नव्हते.

अक्षय्य तृतीयेला सगळे खोरे पाराभोवती जमले. राजा सकाळीच माथ्यावर जाऊन आला होता. घामेजलेला, भुकेलेला येऊन बसला. ताट आले. भाकरी, पिठले, कांदा, ठेचा. आणि रिवाजाप्रमाणे गेल्या वर्षी आवडलेला पदार्थही आला. चांदीच्या वाटीत बासुंदी होती, दाट, केशरी. दूरवरून चांगले लाकूड मागवून आचाऱ्याने जीव ओतून केली होती. वास आला आणि राजाच्या तोंडाला पाणी सुटले. त्याचा हात वाटीकडे गेला.

पाराभोवती आवाज म्हणून उरला नाही. तान्ही मुलेही रडायची थांबली. एवढ्या माणसांनी श्वास धरलेला राजाने कधी ऐकला नव्हता, आणि श्वास धरलेला ऐकू येतो हेही त्याला माहीत नव्हते. त्याने नजर वर केली. समोर गिरजाई बसली होती. इतकी वर्षे ती त्याचे तोंड पाहत आली होती. त्याने तिचे कधी पाहिले नव्हते. तिचे डोळे खोल गेले होते आणि ओठ भुकेने सुकले होते. तरी ती वाटीकडे बघत नव्हती, त्याच्याकडेच बघत होती.

राजाने हात मागे घेतला. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. दुसरा घास घेतला. कांदा फोडला. मग तो काय करतो आहे हे त्याचे त्यालाच कळेनासे झाले. भाकरी संपली तेव्हा बोटाला लागलेले पिठले त्याने चाटले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाला, “अजून एक वाढा.”

गिरजाई बराच वेळ बघत राहिली. म्हाताऱ्या माणसांना राजाचीही भीड नसते. ती वाकून म्हणाली, “खरं सांग लेका, भूक लागलीया म्हून खातुयास, का ग्वाड लागतंय म्हून?”

राजा घास चावता चावता थांबला. “आई,” तो म्हणाला, “आता मला ते दोन्ही वेगळं नाही करता येत.”

गिरजाई उठली. तिच्या गुडघ्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “राजाला नाचणी आवडली,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सांगताना रडली.

बासुंदीची वाटी राजाने एका ओल्या बाळंतिणीकडे पाठवली. दूध वाईट नाही, तो म्हणाला, पण ते आधी लेकरांचे आणि बाळंतिणींचे. बासुंदी सणाला, आणि तीही सगळ्यांच्या घरी होईल तेव्हा. त्या पावसाळ्यात उतारावर नाचणी आणि कुळीथ पेरले गेले. ज्यांना जमतील तेवढ्याच म्हशी त्यांनी ठेवल्या. चुली लवकर विझू लागल्या आणि खुंटांना फांद्या आल्या. हे काही एका रात्रीत झाले नाही. रान खाल्ले जाते तेवढ्या लवकर उगवत नाही.

पुष्कळ वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, राजा आणि धोंडू पुन्हा माथ्यावर गेले. दोघेही पायी गेले. पालखी कधीच अडगळीत पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. झाडांखाली गार होते. दगडांमधून बारीकसा आवाज येत होता. राजाने वाकून हात लावला, तर बोटे ओली झाली. खाली उतारांवर नाचणीची कणसे वाऱ्यावर हलत होती आणि खोऱ्याच्या पार टोकापर्यंत वाकी चमकत होती.

राजा कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने लहान मुलासारखे हळूच विचारले, “धोंडू, हेही माझ्या त्या घासानेच झालं?”

धोंडूने फडके सोडून भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. “तुमच्या एका घासानं सुरू झालं, म्हाराज,” तो म्हणाला. “मग समद्यांनी खाल्लं.”

तात्पर्य: आपल्या ताटातला प्रत्येक घास कुठल्या तरी शेतातून, नदीतून, रानातून आणि कुणाच्या तरी वाटणीतून येतो, म्हणून जिभेला रुचेल ते खाण्याआधी धरतीला झेपेल, शेजाऱ्याला उरेल आणि अंगाला मानवेल ते खायला जिभेला शिकवावे.