साखरेची जीभ

एका गावात एक कासारीण राहत असे. सगुणा तिचं नाव. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती दारोदार फिरायची, आणि तिच्या जिभेवर साखर आहे असं सगळे म्हणायचे. सासवा-सुनांची भांडणं तिने मिटवावीत, रुसलेल्या लेकींना तिने सासरी धाडावं. दुखवणारा शब्द तिच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता, आणि तिलाही त्याचा अभिमान होता.

त्या गावाचे दोन भाग होते. मधून ओढा वाहायचा. पावसाळा सोडला तर पाणी गुडघाभर. अलीकडे गावठाण, पलीकडे दोर वळणाऱ्यांची चाळीस घरं. ही माणसं अंबाडीचे भारे ओढ्याच्या डोहात भिजत घालायची, ते कुजले की साल सोलून वाख काढायची आणि वाखाचे दोर वळायची. विहिरीचा दोर, बैलाचं दावं, पाळण्याची दोरी, सारं त्यांच्या हातचं. पण कुजल्या अंबाडीला वास येतो, म्हणून गावठाणातले लोक त्यांना ‘कुजके’ म्हणायचे. “ए कुजक्या, एक दावं दे,” असं अगदी सहज म्हणायचे. दवंडीवाला ओरडायचा तेही “ऐका हो गावकऱ्यांनो, ऐका रे कुजक्यांनो.” ती माणसं स्वतःला दोरकर म्हणवायची, पण ते त्यांचं त्यांनाच माहीत.

वर्षातून एकदा गावच्या देवाचा रथ निघे. रथाचा दोर दोरकरांनी वळायचा. हाताएवढा जाड, साठ हात लांब. पण एकदा का तो देवळाच्या पायरीवर ठेवला, की पुन्हा त्याला दोरकराने हात लावायचा नाही. रथ ओढायचा गावठाणाने, आणि दोराला पहिला हात अण्णा मानकऱ्यांचा. त्यांच्या घराण्याचा तो मान होता.

एका वर्षी रथ निघण्याआधी एक लहान मुलगी गर्दीतून पुढे आली आणि तिने दोराला हात लावला. ठकू तिचं नाव, वय सात वर्षं. दोरकरांचा म्हातारा कारभारी सिद्राम, त्याची ही नात. त्या दोराचा वाख तिने आजीच्या शेजारी बसून स्वतः विंचरला होता, आणि तो आता कसा दिसतो ते तिला बघायचं होतं. कोणीतरी काठीने तिचा हात बाजूला केला आणि म्हणालं, “ए कुजके, हो मागं.”

घरी आल्यावर तिने आजोबांना विचारलं, “आजा, माझ्या हाताला वास येतो का?”

सिद्राम म्हणाला, “नाही गं.” पण तिचा विश्वास बसला नाही. ती रोज ओढ्यावर जाऊन राखेने हात घासू लागली. महिनाभरात तिच्या तळहातांची सालं निघाली.

तेव्हा सिद्राम गावाच्या पारावर गेला आणि त्याने दोन गोष्टी मागितल्या. आम्हाला आमच्या नावाने हाक मारा, आणि रथाच्या दोराला एक तरी हात आमचा लागू द्या.

पारावर गलका झाला. कोणी म्हणालं, नावात काय आहे, आम्ही तर मायेने म्हणतो. कोणी म्हणालं, आज दोर मागता, उद्या रथात बसाल. सिद्रामही तापला. तो मानकऱ्यांना म्हणाला, “घाम आमचा आणि मान तुमचा, तर मग तुम्ही चोर.” त्यावर कोणीतरी दगड उचलला. त्या दिवसापासून ओढ्याच्या दोन्ही काठांनी शपथ घेतली, की एकमेकांशी बोलायचं नाही.

पण दोराशिवाय गावठाणाचं अडायचं आणि धान्याशिवाय दोरकरांचं. निरोप तर द्यायलाच हवे होते. मग सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. सगुणा दोन्हीकडे जाते, दोन्हीकडच्या बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरते, तीच निरोप नेईल.

सगुणाला धन्य वाटलं. तिने मनाशी ठरवलं, हे भांडण मी विझवीन.

पहिल्याच खेपेला सिद्रामने नातीला पुढे ओढलं आणि तिचे तळहात उघडून दाखवले. “हे बघ, आणि जाऊन सांग त्या मानकऱ्याला. तुमच्या एका शब्दाने पोरीने स्वतःची कातडी सोलली. आम्ही काही भीक मागत नाही म्हणावं.”

सगुणा तसंच सांगायचं ठरवून निघाली. पण ओढा ओलांडता ओलांडता तिला वाटलं, हे असंच सांगितलं तर अण्णा भडकतील. म्हणून ती अण्णांना म्हणाली, “सिद्रामदादा म्हणतात, पोरीला जरा वाईट वाटलं. तुम्ही मोठे आहात, मनावर घेऊ नका.”

अण्णा म्हणाले, “पोरं रडतातच. दोन दिवसांनी विसरतात.” मग पायाच्या अंगठ्याकडे बघत ते बोलू लागले. “मरताना बापाने माझा हात धरून सांगितलं होतं, दोर सोडू नकोस. तो दुसऱ्याच्या हातात दिला तर मी त्याला वर काय तोंड दाखवू? नावाचं म्हणशील तर नावाचं बघता येईल. पण त्या सिद्रामने भर पारावर मला चोर म्हटलं. आधी त्याने ते मागे घ्यावं, मग पुढचं. नाहीतर मरू दे त्यांना तिकडे. असंच सांग.”

‘मरू दे’ आणि ‘चोर’ हे शब्द ऐकून सगुणा घाबरली. ते दोन शब्द गाळता गाळता तिने सगळंच गाळलं. पलीकडे जाऊन म्हणाली, “अण्णा म्हणतात, विचार करू.”

असं वर्षभर चाललं. दोरकरांची प्रत्येक जखम ओढा ओलांडेपर्यंत कुरकुर व्हायची, आणि मानकऱ्यांची प्रत्येक अट ओढा ओलांडेपर्यंत ‘विचार करू’ व्हायची. अण्णांना वाटायचं, यांचं काही फार बिनसलेलं नाही. सिद्रामला वाटायचं, तिकडे काहीतरी हलतंय. एक शब्द मागे घेतला असता तर नाव मिळालं असतं, हे त्याला कधी कळलंच नाही. आणि सगुणा जाईल तिथे लोक पाट मांडायचे, गूळपाणी द्यायचे. “बाई, तुझ्यामुळे गाव टिकलंय,” म्हणायचे. ते ऐकायला तिला फार बरं वाटायचं. इतकं, की खरा निरोप काय होता हे कधीकधी तिला स्वतःलाच आठवत नसे.

रथाचा दिवस जवळ आला. दोरकरांनी दोर वळायला घेतला, पण तो द्यायच्या आधी सिद्रामने सगुणाला बोलावलं. शेजारी त्याची सून बायजा उभी होती, ठकूची आई.

सिद्राम शांतपणे म्हणाला, “हा शेवटचा निरोप. यंदा रथाच्या दोराला दोरकराचा हात लागला नाही, तर आमची चाळीसही घरं हे गाव सोडतील. कायमची. आणि पोरीच्या हातांचं पुन्हा सांग. त्यावर मानकऱ्याने एकदाही काही उत्तर दिलेलं नाही.”

बायजा म्हणाली, “मावशी, हे शब्द आमचे आहेत. यात तुमचं काही घालू नका, आणि यातलं काही काढूही नका.”

“नाही गं बाई,” सगुणा म्हणाली. “देवाशपथ.”

ती अण्णांच्या दारी पोचली तेव्हा अंगणात मांडव उभा राहत होता. अण्णा उघड्या अंगाने माणसांना हाका मारत फिरत होते आणि वर्षभरात पहिल्यांदा हसत होते. तिला बघून म्हणाले, “ये सगुणा. आज तरी काही कडू आणू नकोस बाई. काय म्हणतोय सिद्राम?”

सगुणा उंबऱ्याशी उभी राहिली. शब्द तिच्या तोंडाशी आले होते. बोलली असती तर ते हसणं मावळलं असतं, आरडाओरडा झाला असता, कदाचित तिलाच हाकललं असतं. शिवाय रथाला अजून चार दिवस होते, आणि चार दिवसांत बरंच काही बोलता आलं असतं.

“काही नाही,” ती म्हणाली. “दोर छान झालाय म्हणतात.”

अण्णांनी सुस्कारा सोडला. “म्हणजे मिटलं म्हणायचं. बरं झालं. त्याला सांग, यंदा मागे नको, पुढे येऊन उभा राहा. रथ जवळून बघ. तेवढा मान मी देतो.”

सगुणा जवळजवळ उड्या मारतच पलीकडे गेली. “पुढे या म्हणाले. मान देतो म्हणाले.”

सिद्रामने हातातला वाख खाली ठेवला. मग त्याने डोळे पुसले आणि बायजाला म्हणाला, “माझं नवं मुंडासं काढ.”

रथाच्या दिवशी सिद्राम नातीचं बोट धरून आला. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. अण्णांनी त्याला बघून मान हलवली. सिद्रामनेही हलवली. मग तो वाकला, आणि त्याने दोर उचलला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. नंतर अण्णा म्हणाले, “सोड.”

“तुम्हीच बोलावलंत.”

“बघायला बोलावलं. सोड म्हणतो ना.”

“मान देतो म्हणालात.”

अण्णांना वाटलं, याने दगा केला. सिद्रामला वाटलं, आपल्याला चारचौघांत फजित करायलाच बोलावलं. सगुणा चार हातांवर उभी होती. तिने बोलायला तोंड उघडलं, पण त्या गलक्यात घालायला तिच्याजवळ एकही खरा शब्द नव्हता. मागून कोणीतरी काठी घातली. ती सिद्रामच्या उजव्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज पुढच्या लोकांनी ऐकला. मग दोन्हीकडच्या काठ्या उठल्या. रथ जागचा हलला नाही. आपण लोकांच्या पायांत येऊ नये म्हणून ठकू रथाच्या चाकाखाली जाऊन बसली होती. बायजाने तिला तिथून ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर एकाही चुलीतून धूर निघाला नाही. घरांची दारं उघडी होती. डोहात अंबाडीचे भारे तसेच तरंगत होते.

अण्णा स्वतः सगुणाच्या दारी आले. असे ते कधी आले नव्हते. “मला खरं सांग,” ते म्हणाले. “वर्षभर तो काय म्हणत होता?”

सगुणाने सांगितलं. पहिल्या दिवसापासून, आठवून आठवून. राख, सोललेले तळहात, शेवटचा निरोप. सांगताना ती अडखळत होती, कारण अशी भाषा ती कधी बोललीच नव्हती.

अण्णा पायरीवर बसले. “हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला राग आला असता.”

“आला असता,” अण्णा म्हणाले. “राग आला असता, आरडाओरडा केला असता, तुला दारातून घालवलं असतं. मग चार दिवसांनी उतरला असता. माझ्या घरातही तेवढीच नात आहे गं.”

दोघं दोरकरांच्या मागावर निघाली. दुपारी खिंडीपाशी त्यांना दोरकरांच्या गाड्या दिसल्या. सिद्राम एका दगडावर बसला होता, हात फडक्यात बांधलेला. सगुणा त्याच्या पायाशी बसली आणि तिने इकडचं सगळं सांगितलं. बापाने धरलेला हात, ‘चोर’ शब्दाची अट, नावाचं बघू म्हणालेले अण्णा.

सिद्रामने ऐकून घेतलं. “तो शब्द मी त्याच दिवशी मागे घेतला असता,” तो म्हणाला. “रागात बोललो होतो.”

“मग चला परत,” सगुणा म्हणाली. “चूक माझी आहे. हवं ते मला बोला.”

सिद्रामने तिच्याकडे न बघता अण्णांकडे बघितलं. “चूक हिची आहेच. पण काठी हिने मारली नाही, आणि तो शब्दही हिने शोधून काढला नाही. वर्षभर मी अमुक म्हणतो, तमुक म्हणतो, हे तुम्ही हिच्या तोंडून ऐकलंत. मीही तसंच ऐकलं. गुडघाभर पाणी होतं अण्णा. तुम्हाला त्यात उतरावंसं वाटलं नाही, आणि मलाही नाही.” एवढं बोलून तो उठला. मोडका हात छातीशी धरून गाडीत बसला. बैल चालू लागले.

अण्णा रस्त्यात उभे होते. ते गाड्यांमागे चार पावलं गेले. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा हाक मारली, “दोरकर. अहो दोरकर.”

गाडीत मागे बसलेल्या ठकूने वळून बघितलं. “आजा,” तिने विचारलं, “तो माणूस कोणाला हाका मारतोय?”

सिद्रामने तिला समोर तोंड करून बसवलं. गाड्या खिंडीपलीकडे गेल्या.

त्या गावात रथ आता तीन कोसांवरच्या बाजारातून आणलेल्या दोराने ओढतात. सगुणा त्यानंतरही बरीच वर्षं जगली. बायका तिच्याकडून बांगड्या भरून घेत, पण ती काही सांगू लागली की हात मागे घेत आणि म्हणत, राहू दे बाई, आम्ही जाऊन विचारू.

आणि या गोष्टीचं तात्पर्य: कडू गोष्ट गोड करून सांगितली की ती पोचत नाही, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याचं म्हणणं जो तिसऱ्याच्या तोंडून ऐकून भागवतो, त्याला ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.